ट्रॅक्टरचा बूस्ट वाढवताय? इंजिन तेच आणि जोर जास्त, हिशेब नेमका कुठे चुकतो?

दिवाळी झाली, कारखान्यांची धुराडी पेटली आणि माढा, पंढरपूर, माळशिरस, मंगळवेढा तालुक्यांतल्या रस्त्यांवर उसाच्या डबल ट्रॉल्या पळायला लागल्या. या दिवसांत गॅरेजवर एक वाक्य हमखास कानावर येतं, "मिस्त्री, जरा पंप वाढवून द्या की, चढाला ट्रॅक्टर दम टाकतोय."

मग कुणी पंपाचा स्क्रू फिरवून घेतो. कुणी टर्बोचा बूस्ट वाढवून घेतो. नव्या कॉमन रेल गाडीवाले लॅपटॉप लावून मॅपिंग बदलून घेतात, नाहीतर चिप बसवतात. आतला पिस्टन, कनेक्टिंग रॉड, गॅस्केट मात्र कंपनीचंच राहतं. दोन-चार खेपा ट्रॅक्टर मस्त ओढतो, मालक खूश होतो. आणि ऐन हंगामात एक दिवस इंजिन बसतं.

प्रश्न असा आहे की कंपनीच्या मूळ पार्टवर जादा बूस्ट चालतो की नाही? उत्तर आहे, थोडा चालतो. पण आपण ज्या पद्धतीने वाढवतो आणि ज्या कामाला ट्रॅक्टर जुंपतो, तिथे तो चालत नाही. का ते नीट समजून घेऊ.

टर्बो करतो काय?

सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम धुराच्या जोरावर टर्बोचं एक चाक फिरतं. त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. हा दांडा मिनिटाला लाखाच्या पुढे फेरे मारतो. त्याला सांभाळतो तो ऑइलचा पातळ थर, बाकी काही नाही.

आपल्या भोवतालच्या हवेचा दाब साधारण १ बार, म्हणजे साडेचौदा पीएसआय असतो. टर्बोने त्यावर आणखी १ बार बूस्ट दिला की तेवढ्याच सिलिंडरमध्ये जवळपास दुप्पट हवा बसायला जागा होते. हवा जास्त, म्हणून डिझेल जास्त जाळता येतं, म्हणून जोर जास्त.

इथे एक गैरसमज आहे. डिझेल इंजिनात जोर हवा देत नाही, जोर डिझेल देतं. नुसती हवा वाढली तर इंजिन उलट थोडं थंडच चालतं. १ किलो डिझेल पुरतं जाळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. काळा धूर न सोडता जाळायचं तर १८ ते २० किलो लागते. हवा तेवढीच ठेवून डिझेल वाढवलं की काळा धूर निघतो. आपल्याकडे त्या धुराकडे बघून "काय ओढतोय!" म्हणतात. खरं तर तो धूर म्हणजे न जळलेलं डिझेल आणि वाढलेली उष्णता आहे.

इंजिन फुटतं कशाने?

मूळ पार्टवर बूस्ट वाढवला की धोका चार बाजूंनी येतो.

पहिला, उष्णता. टर्बोच्या तोंडाशी धुराचं तापमान सलग ७०० अंशांच्या पुढे राहू देऊ नये, असा डिझेलवाल्यांचा जुना दंडक आहे. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो आणि शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. पिस्टन टिकतो तो खालून ऑइल आणि बाजूने पाणी त्याची उष्णता ओढून घेतं म्हणून. उष्णता जास्त वेळ राहिली की पिस्टनचं डोकं जळतं किंवा लायनरला चिकटतं.

दुसरा, दाब. सिलिंडरमधला दाब वाढला की तो हेड वर उचलायला बघतो. हेडचे बोल्ट ताणले जातात, गॅस्केट फुटतं, पाणी ऑइलमध्ये जातं. त्याच दाबाखाली कनेक्टिंग रॉड आणि बेअरिंग रोज थोडे थोडे मार खातात.

तिसरा, टर्बो स्वतः. प्रत्येक टर्बोची एक मर्यादा असते. त्यापुढे पळवला तर तो हवा कमी आणि उष्णता जास्त देतो. बाहेर ४० अंश ऊन असताना १ बार बूस्टला दाबलेली हवा सुमारे १३५ ते १४० अंशांपर्यंत तापते. दीड बार केला तर १७० च्या पुढे जाते. इंटरकूलर नसेल किंवा पाचट-धुळीने चोंदला असेल तर हीच तापलेली हवा इंजिनात जाते. बूस्टचा काटा वर गेलेला दिसतो, पण हवा त्या प्रमाणात गेलेलीच नसते.

चौथा, इंजिनाच्या मागचं सगळं. क्लच प्लेट, गिअर, एक्सल हे मूळ जोराच्या हिशेबाने बनवलेले असतात. इंजिन टिकलं तरी यातलं काहीतरी एक बोलतंच.

कंपनीने शिल्लक ठेवलेली ताकद कुठे जाते?

मिस्त्री म्हणतो, "कंपनी इंजिनात मार्जिन ठेवते, थोडं वाढवलं तर काय होत नाही." ते खोटं नाही. पण ते मार्जिन कशासाठी आहे? कडक उन्हासाठी, चोंदलेल्या फिल्टरसाठी, भेसळीच्या डिझेलसाठी, लांबलेल्या ऑइल बदलासाठी आणि चढावर अडकलेल्या लोडसाठी.

आता आपल्या हंगामाकडे बघा. दिवसरात्र खेपा. शेतातून बाहेर पडताना चिखल, रस्त्यावर धूळ. मागे दोन ट्रॉल्या, त्याही बऱ्याचदा हद्दीबाहेर भरलेल्या. म्हणजे कंपनीने ठेवलेलं मार्जिन आपण बूस्ट न वाढवताच खर्च करून बसलोय. त्यावर आणखी बूस्ट म्हणजे एकच शेत दोनदा गहाण टाकणं.

मोबाइलवरच्या रीलमध्ये टोचनच्या शर्यतीत धूर ओकणारे ट्रॅक्टर दिसतात. तिथे ट्रॅक्टर काही मिनिटं ओढतो आणि थांबतो. इंजिनाला तापून मरायला वेळच मिळत नाही. आपला ट्रॅक्टर तासनतास लोडवर असतो. म्हणून रीलमध्ये चालला तो बूस्ट आपल्याकडे चालेल असं समजू नका. आणि ट्रॅक्टरच्या अशा खेळांत इंजिनापेक्षा मोठी किंमतही मोजावी लागते. ऑक्टोबर २०२३ मध्ये पंजाबच्या गुरदासपूर जिल्ह्यात ट्रॅक्टर स्टंट करताना एका तरुणाचा जीव गेला आणि त्यानंतर तिथल्या सरकारने अशा स्टंटवर बंदी घातली.

खरंच वेळ वाचतो का?

आता पैशाचा हिशेब करू. समजा शेतापासून कारखाना २५ किलोमीटर आहे. भरल्या ट्रॉल्या घेऊन ट्रॅक्टर ताशी २० ने गेला तर सव्वा तास लागतो. बूस्ट वाढवून ताशी २५ ने नेला तर एक तास. वाचली १५ मिनिटं. पुढे कारखान्याच्या यार्डात नंबर लागायला किती तास जातात, हे वाहनमालकांना वेगळं सांगायला नको. म्हणजे रस्त्यावर मिळवलेली १५ मिनिटं आपण वजनकाट्याच्या रांगेत उभं राहून घालवतो. खेपा वाढत नाहीत.

उलट बाजू बघा. ताशी २० वरून २५ वर गेलं की तोच लोड थांबवायला दीडपटीहून जास्त ताकद लागते. इंजिन वाढलं, ब्रेक वाढले नाहीत. अनेक ट्रॉल्यांना तर स्वतःचे ब्रेकच नसतात. उतारावर मागचा लोड ट्रॅक्टरला ढकलायला लागला की ड्रायव्हरच्या हातात काही उरत नाही.

आणि ऐन जानेवारीत इंजिन निघालं तर नुसतं इंजिनाचं बिल येत नाही. टोळीला दिलेली उचल अडकते, तोडलेला ऊस फडात वाळतो, टोळी बसून राहते, ट्रॅक्टरचा हप्ता मात्र थांबत नाही. स्क्रू अर्धा फेरा फिरवायला मिस्त्रीला पाच मिनिटं लागतात. त्याची किंमत कधीकधी अख्खा हंगाम असते.

बूस्ट वाढवण्याआधी हे बघा

"ट्रॅक्टर ओढत नाही" याचा अर्थ दर वेळी ताकद कमी आहे असा नसतो. बऱ्याचदा असलेलीच ताकद गळत असते.

– एअर फिल्टर काढून बघा. उसाच्या दिवसांत तो लवकर चोंदतो.
– टर्बोपासून इंजिनापर्यंतचे होज आणि क्लिपा तपासा. चालू इंजिनावर साबणाचं पाणी लावलं की गळती बुडबुड्यांनी दिसते. जोडावर ऑइलचे डाग असतील तर तिथेही संशय घ्या.
– इंटरकूलर आणि रेडिएटरच्या जाळीतलं पाचट साफ करा.
– डिझेल फिल्टर बदला. इंजेक्टर काढून फवारा तपासून घ्या. थेंब टाकणारा एक इंजेक्टर एका पिस्टनला भोक पाडायला पुरतो.
– टॅपेट सेट करून घ्या, टायरमधली हवा बघा, कुठला ब्रेक धरून राहतोय का बघा.

एवढं केल्यावर पुष्कळ ट्रॅक्टर पुन्हा ओढायला लागतात. बूस्टचा विषय तिथेच संपतो.

तरीही वाढवायचाच असेल तर

शेतातल्या जड कामाला थोडी ताकद हवी, असं कुणी म्हणेल. मग निदान क्रम चुकवू नका.

आधी मोजा. बूस्टचं मीटर आणि धुराच्या तापमानाचं मीटर, ही दोन बसवल्याशिवाय कशालाही हात लावू नका. कानाने आणि धुराच्या रंगाने ट्युनिंग करायचे दिवस गेले. मूळ बूस्ट किती येतो ते पूर्ण लोडवर बघून लिहून ठेवा. कंपनीचा आकडा सर्व्हिस सेंटरमधून घ्या. मीटर त्यापेक्षा कमी दाखवत असेल तर आधी गळती शोधा.

इंजिन जुनं असेल, ऑइल खात असेल, ब्रीदरमधून धूर टाकत असेल तर विषय सोडा. आधी इंजिनाचं काम करा.

वाढवायचं ते थोडं. मूळ ताकदीच्या १० टक्क्यांच्या आसपास थांबणं शहाणपणाचं. काही ट्रॅक्टरच्या टर्बोला वेस्टगेट, म्हणजे जादा धूर बाजूने सोडणारी झडप नसते. तिथे डिझेल वाढवलं की बूस्ट आपोआप वाढतो. वेस्टगेट असेल तर त्याचा पाइप काढून मोकळा सोडायचा उद्योग कधीच करू नका. मग बूस्टला वरची हद्दच राहत नाही.

प्रत्येक बदलानंतर लोडवर चालवून बघा. काळा धूर टिकून राहिला किंवा तापमान ७०० कडे सरकलं तर मागे या.

सगळ्यात महत्त्वाचं, ड्रायव्हरला सांगा. कमी फेऱ्यांवर, वरच्या गिअरमध्ये, रेस पूर्ण दाबून चढ चढवणं इंजिनाला सगळ्यात वाईट. तेव्हा सिलिंडरमध्ये दाब जास्त असतो आणि हवा, पाणी, ऑइल तिन्हींचा प्रवाह कमी असतो. खालचा गिअर टाका, फेरे चढू द्या. लोड ओढून आल्यावर एक-दोन मिनिटं इंजिन रिकामं चालू ठेवून मगच बंद करा. ऑइल कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं घाला आणि मुदतीआधी बदला.

नव्या गाड्या आणि कायदा

५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना जानेवारी २०२३ पासून धुराचे नवे नियम लागू झाले. पिकअप, जीपसारख्या गाड्या एप्रिल २०२० पासून बीएस-६ आहेत. अशा इंजिनांचं डिझेल आणि बूस्ट संगणक ठरवतो. बाहेरून लावलेली स्वस्त चिप त्या संगणकाला चुकीचा आकडा दाखवून जादा डिझेल सोडायला लावते. वाढलेली काजळी सायलेन्सरमधल्या फिल्टरमध्ये अडकते आणि तो फिल्टर स्वस्त नसतो. शिवाय मॅपिंग बदललेलं सर्व्हिस सेंटरला कळलं की वॉरंटी हातची जाऊ शकते.

पेट्रोलच्या टर्बो कारवाल्यांनी तर जास्तच जपावं. तिथे बूस्ट वाढला की पेट्रोल वेळेआधी भडकतं, इंजिन ठोके मारतं आणि पिस्टनच्या कडा तुटतात. डिझेलसारखा धूर दिसून इशाराही मिळत नाही.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीत असलेल्या, कंपनीने ठरवलेल्या गोष्टींशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येकी ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. उद्या अपघात झाला तर विमा कंपनी याच मुद्द्यावर बोट ठेवू शकते.

मग करायचं काय?

ट्रॅक्टर ओढत नाही याचं मूळ कारण बहुतेक वेळा इंजिनात नसून मागच्या लोडात आहे. ४५ एचपीच्या ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या वरपर्यंत भरून जोडायच्या आणि मग त्याला ताकद कमी पडते म्हणायचं, हे बैलाला दोन गाड्या जुंपून चाबूक वाढवण्यासारखं आहे.

लोड कमी करा म्हणणं सोपं आहे, टनावर पैसे मिळणाऱ्याला ते परवडत नाही, हेही खरं. म्हणून हा विषय एकट्या वाहनमालकाचा नाही. यार्डातली रांग कमी झाली, खेपेला वेळेत नंबर लागला तर हद्दीतल्या लोडवरही महिन्याचा हिशेब जुळतो. वाहतूकदारांनी करार करताना हा मुद्दा कारखान्यापुढे ठेवायला हवा. तिथे सुटलेला एक तास टर्बोच्या कुठल्याही बूस्टपेक्षा जास्त कमवून देईल, आणि इंजिनही शाबूत राहील.