दुकानाचे ‘उद्यम’ प्रमाणपत्र : कंसातली ओळ तुम्ही वाचली आहे का?

तुमचे दुकान असेल आणि ‘उद्यम’ नोंदणी झालेली असेल, तर पुढे वाचण्याआधी ते प्रमाणपत्र समोर घ्या. त्यात मुख्य व्यवसाय कोणता हे सांगणारी एक ओळ असते. कारखानदाराच्या प्रमाणपत्रावर तिथे उत्पादन लिहिलेले असते, गॅरेज किंवा छपाईवाल्याच्या प्रमाणपत्रावर सेवा. किराणा, कापड, स्टेशनरी किंवा भांड्यांचे दुकान असेल तर तिथे ‘ट्रेडिंग’ असते. त्याला लागूनच कंसात, इंग्रजीत, एक सूचना असते : ही नोंद केवळ प्राधान्य क्षेत्रातील कर्जाच्या लाभासाठी आहे.

बहुतेक दुकानांत हे प्रमाणपत्र लॅमिनेट करून गल्ल्यामागे लावलेले असते. कंसातली ओळ मात्र क्वचितच कोणी वाचते. ‘स्थानिक दुकानांना पाठबळ’ हे शब्द अलीकडे प्रत्येक सणासुदीला ऐकू येतात. तुमच्या दुकानाला कायद्याने नेमके किती पाठबळ आहे, हे त्या ओळीत लिहिलेले आहे.

ही ओळ आली कुठून?

‘उद्यम’ नोंदणी १ जुलै २०२० रोजी सुरू झाली, तेव्हा किरकोळ आणि घाऊक व्यापारी तिच्या बाहेर होते. कोविडच्या काळात व्यापारी संघटनांनी मागणी लावून धरली आणि २ जुलै २०२१ च्या आदेशाने त्यांना आत घेण्यात आले. त्याच आदेशात अट होती की लाभ फक्त प्राधान्य क्षेत्रातील कर्जापुरता. दार उघडले, पण पहिल्या खोलीपर्यंतच.

मिरजेचे उदाहरण घेऊ. सतारमेकर गल्लीत सतार आणि तंबोरे बनतात. या दोन्ही वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हेच शहर दवाखान्यांसाठीही ओळखले जाते आणि कर्नाटकातून रोज रुग्ण येतात. त्यामुळे औषधे, चादरी, स्टेशनरी, सफाईचे साहित्य विकणारी दुकाने इथे भरपूर. समजा, एका वाद्यनिर्मात्याने एका संगीत संस्थेला सहा तंबोरे दिले आणि एका दुकानदाराने एका दवाखान्याला वर्षभराची स्टेशनरी पुरवली. दोघांकडे ‘उद्यम’ आहे, दोघेही ‘सूक्ष्म’ गटातले आहेत. पैसे दोघांचेही चार महिने अडकले.

वाद्यनिर्मात्याच्या मागे २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायदा उभा राहतो. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. वाद झाला तर सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. दुकानदाराला यांतले काहीही मिळत नाही. त्याचा कागदही तसाच दिसतो, त्यावरचा क्यूआर कोडही तसाच असतो, पण कंसातली ओळ त्याच्या आड येते.

आयकर कायद्यातील ‘४३ बी (एच)’ या तरतुदीमुळे ही दरी आणखी रुंदावली आहे. करनिर्धारण वर्ष २०२४-२५ पासून, सूक्ष्म किंवा लघु उपक्रमाचे बिल वरील मुदतीत चुकते केले नाही, तर खरेदीदार व्यावसायिकाला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही. ज्या वर्षी पैसे देईल त्या वर्षीच करता येतो. व्यापारी इथेही बाहेर. आता मार्च महिन्यात खरेदीदाराचा लेखापाल काय करेल? ज्याचे बिल थकले तर कर वाढतो, त्याचा धनादेश आधी काढेल. दुकानदाराचे बिल एप्रिलवर जाईल. छोट्यांना वेळेवर पैसे मिळावेत म्हणून केलेला नियम छोट्यांमधल्याच एका गटाला रांगेत मागे ढकलतो, असे माझे मत आहे. सरकारी खरेदीतही तेच : केंद्रीय मंत्रालये आणि सार्वजनिक उपक्रमांनी २५ टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उपक्रमांकडून करावी असे धोरण आहे, पण केवळ व्यापार करणारे त्यात धरले जात नाहीत.

यामागे तर्क नाही असे नाही. उत्पादन आणि सेवेतून रोजगार जास्त निर्माण होतो, आणि व्यापाऱ्याला सवलत दिली तर मोठा पुरवठादार नावापुरते दुकान काढून ती लाटेल, ही भीती खरी आहे. पण लहान शहरात दुकानदार स्वतः घाऊक व्यापाऱ्याकडून ठरावीक दिवसांच्या बोलीवर माल उचलतो आणि संस्थांना बेमुदत उधार देतो. अडचण त्या दोन मुदतींमधल्या अंतरात आहे, आणि सध्याच्या नियमांत तिच्यावर उत्तर नाही.

अशा मजकुराचा मराठी अनुवाद करताना एक अडचण मला नेहमी येते. मूळ इंग्रजी शब्दाला आपण ‘उपक्रम’ म्हणतो, कधी ‘उद्योग’. ‘सर्व सूक्ष्म उपक्रमांना ४५ दिवसांत पैसे’ असे वाक्य वाचले की दुकानदाराला वाटते, हे माझ्यासाठीही आहे. व्यापाऱ्यांचा अपवाद मूळ मजकुरात बहुधा तळटीपेत असतो आणि अनुवादात तो आणखी खाली जातो.

मग प्रमाणपत्राचा उपयोग काय?

प्राधान्य क्षेत्र म्हणजे काय, हे आधी नीट समजून घ्या. देशातील बँकांनी आपल्या कर्जांपैकी ४० टक्के कर्जे शेती, लहान उपक्रम, गृहनिर्माण अशा ठरवून दिलेल्या क्षेत्रांना द्यावीत, असे रिझर्व्ह बँकेचे बंधन आहे. त्यातही ७.५ टक्के सूक्ष्म उपक्रमांना. ‘उद्यम’मुळे तुमचे कर्ज या हिशेबात मोजले जाते, म्हणून शाखेला तुमच्या अर्जात रस असतो. मात्र हे बंधन बँकेवर आहे. त्यातून तुम्हाला कर्जाचा हक्क मिळत नाही, व्याजही आपोआप कमी होत नाही. शाखेत बोलताना हा फरक लक्षात ठेवा.

मुद्रा योजना व्यापाराला खुली आहे. शिशु गटात ५० हजारांपर्यंत, किशोर गटात ५ लाखांपर्यंत, तरुण गटात १० लाखांपर्यंत कर्ज तारणाशिवाय मिळते. ‘तरुण’ कर्ज घेऊन ते पूर्ण फेडलेल्यांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून २० लाखांपर्यंतचा ‘तरुण प्लस’ गट आहे.

पीएम स्वनिधीबद्दल मात्र दुकानदारांचा वारंवार गैरसमज होतो. ही योजना पथविक्रेत्यांसाठी, म्हणजे हातगाडी, पाटी, पदपथ यांवर विकणाऱ्यांसाठी आहे. ऑगस्ट २०२५ मधील फेररचनेनंतर तिचे हप्ते १५ हजार, २५ हजार आणि ५० हजार रुपये झाले आणि मुदत ३१ मार्च २०३० पर्यंत वाढली. चार भिंतींचे पक्के दुकान तिच्यात बसत नाही. दुकानासमोर गाडी लावणाऱ्याला ती मिळते आणि आपल्याला नाही, याचा राग समजू शकतो. पण त्या माणसाला रोज जागा जाण्याची धास्ती असते. दोघांची तुलना लावण्यात अर्थ नाही.

व्यापाऱ्यांसाठी २०१९ पासून निवृत्तिवेतनाची योजनाही आहे : साठीनंतर दरमहा ३ हजार रुपये. प्रवेशाचे वय १८ ते ४०. दुकानात बसलेल्या मालकांचे वय पाहिले की ही अट कोणी घातली असेल असा प्रश्न पडतो. मुलगा किंवा सून दुकान सांभाळत असेल तर त्यांच्यासाठी चौकशी करा. उलाढाल दीड कोटींपेक्षा जास्त नको आणि अर्जदार आयकर भरणारा नको.

क्यूआर कोड आणि ४० लाखांची रेघ

जुलै २०२५ मध्ये कर्नाटकच्या वाणिज्य कर विभागाने यूपीआय व्यवहारांच्या आधारे छोट्या व्यापाऱ्यांना नोटिसा पाठवल्या आणि बंगळूरुमधल्या अनेक दुकानांवर ‘फक्त रोख’ अशा पाट्या लागल्या. ही बातमी वाचून तुम्हीही क्यूआर कोड काढून टाकायच्या विचारात असाल, तर आधी हिशेब करा.

माल विकणाऱ्याला महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, गुजरात, मध्य प्रदेश इथे जीएसटी नोंदणीची मर्यादा वार्षिक ४० लाख आहे. तेलंगणात ती २० लाख आहे, हे आदिलाबाद-निजामाबादकडच्या वाचकांनी लक्षात ठेवावे. ही मर्यादा एकूण विक्रीवर मोजतात, रोख असो की यूपीआय, त्यामुळे पाटी बदलून ती बदलत नाही. फक्त करमुक्त वस्तू विकत असाल, उदाहरणार्थ ताजी भाजी, तर नोंदणीची गरज नाही. पण भाजीबरोबर साबण आणि बिस्किटे ठेवलीत की मर्यादा मोजताना भाजीची विक्रीही धरली जाते. किराणा दुकान नेमके इथेच अडकते. दुसरी चूक म्हणजे घरखर्चाचे, भिशीचे, नातेवाइकांचे पैसे त्याच खात्यात घेणे. दुकानासाठी वेगळे चालू खाते काढा. नोटीस आलीच तर विक्री किती आणि बाकीचे किती हे दाखवता येईल.

दीड कोटींपर्यंत उलाढाल असेल तर कंपोझिशन योजनेत व्यापाऱ्याला १ टक्का कर भरून सुटता येते; हा कर गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही. सीमेवरच्या शहरांत मात्र एक मेख आहे. या योजनेत परराज्यात माल विकता येत नाही. मिरजेहून कागवाडच्या दुकानाला माल पाठवला, तर तो परराज्यातला पुरवठा ठरतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून, नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाच्या बाबतीत बिलावर लिहिलेला पत्ता पाहिला जातो. पत्ता नसेल तर दुकानाची जागा धरतात. कर्नाटकातून येणारे गिऱ्हाईक जास्त असेल, तर कंपोझिशन घेण्यापूर्वी करसल्लागाराला हाच प्रश्न विचारा.

आता काय करता येईल?

तुमच्या दुकानात फक्त विक्रीच होते का, ते पाहा. स्टेशनरीवाला झेरॉक्स, छपाई, बाइंडिंग करतो. कापडवाला पडदे शिवून देतो. मिठाईवाला माल स्वतः बनवतो. ही कामे खरोखर होत असतील तर ‘उद्यम’च्या अधिकृत संकेतस्थळावर जाऊन नोंदीत ती जोडा. एका नोंदणीत एकापेक्षा जास्त व्यवसाय दाखवता येतात. नोंदणी आणि दुरुस्ती दोन्ही मोफत आहेत. पैसे मागणारी संकेतस्थळे सरकारी नाहीत. अशा कामाचे बिल विकलेल्या मालापासून वेगळे करा, म्हणजे निदान त्या रकमेसाठी ४५ दिवसांच्या नियमाचा आधार मागता येईल. न होणारे काम नोंदवू नका; वाद परिषदेपुढे गेला की बिलेच तपासली जातात.

निव्वळ विक्रीच्या रकमेसाठी सुविधा परिषद नाही, पण साधा दिवाणी मार्ग आहे. विकलेल्या मालाच्या पैशांसाठी दावा करण्याची मुदत ३ वर्षे असते. ती संपण्यापूर्वी खरेदीदाराने येणे बाकी सहीनिशी लेखी मान्य केली, तर मुदत त्या तारखेपासून पुन्हा मोजली जाते. ऑर्डर घेतानाच किती दिवसांत पैसे आणि उशीर झाल्यास किती व्याज हे ऑर्डरच्या कागदावर लिहून संस्थेची सही घ्या. बाकी मान्य असल्याचे पत्र दरवर्षी मार्चमध्ये मागा. लेखापरीक्षणासाठी संस्थांना त्या वेळी अशी पत्रे लागतातच, त्यामुळे नकार सहसा येत नाही.