मोटारीला सेतू, चाकरमान्याला फूटबोर्ड

९ जून २०२५ रोजी सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल गाड्या एकमेकींना ओलांडून गेल्या. एक कसाऱ्याहून मुंबईकडे निघालेली, दुसरी कर्जतकडे जाणारी. दोन्ही गाड्यांच्या दरवाजांत माणसे लोंबकळत होती. पाठीवरच्या पिशव्या व शरीरे एकमेकांवर घासली आणि क्षणार्धात डझनभर प्रवासी रुळांवर फेकले गेले. चौघे त्याच दिवशी गेले. मग नेहमीचे सोपस्कार झाले. चौकशीची घोषणा झाली, मंत्रिमहोदयांनी दुःख व्यक्त केले, लोकलला आपोआप मिटणारे दरवाजे बसविण्याचा संकल्प सोडण्यात आला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच वेळच्या गाडीच्या त्याच दरवाजात तितकीच माणसे उभी होती. आदल्या दिवशीची बातमी त्यांनीही वाचलेली होती. पण कार्यालयातील हजेरीपट त्या बातमीसाठी थांबत नाही.

दूरचित्रवाणीवर बसून ‘हे तरुण दारात उभे तरी का राहतात?’ असा प्रश्न विचारणाऱ्यांची आपल्याकडे कमतरता नाही. त्यांनी एकदा सकाळी आठच्या सुमारास डोंबिवलीच्या किंवा दिव्याच्या फलाटावर जाऊन दाखवावे. गाडी येते ती बदलापूर, टिटवाळ्याहून भरून. आत जागा नसते म्हणून माणूस दारात राहतो; ती हौस नव्हे, ती शिल्लक उरलेली एकमेव जागा आहे. मुंबईच्या लोहमार्गांवर २०२३ या एका वर्षात अडीच हजारांहून अधिक जीव गेले, म्हणजे दिवसाकाठी सात. यात रूळ ओलांडताना गेलेले आहेत आणि गाडीतून पडून गेलेलेही. जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, माणसांना जनावरांसारखा प्रवास करावा लागतो ही लाजिरवाणी गोष्ट आहे, अशा शब्दांत रेल्वे प्रशासनाला फटकारले. विमान कोसळले तर देश हळहळतो आणि ते योग्यच आहे. येथे मात्र दर महिन्याला एका विमानात मावतील इतकी माणसे जातात आणि त्यांची बातमी आतल्या पानावर दोन ओळींत आटोपते.

हे रेल्वेचे दुर्दैव आहे, असे मानून स्वस्थ बसता आले असते, जर राज्याच्या तिजोरीत पैसाच नसता. पण पैसा आहे, भरपूर आहे. तो कोठे गेला ते पाहावे. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावा-शेवा हा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला. खर्च १७,८४० कोटी रुपये. अभियांत्रिकीचा तो उत्तम नमुना आहे आणि ज्या नेत्याचे नाव त्याला दिले, त्यांच्याविषयी प्रत्येकाच्या मनात आदरच आहे. पण त्या सेतूवर रूळ नाहीत. त्यावर दुचाकीला मज्जाव आहे, रिक्षाला मज्जाव आहे. मोटारीला एका फेरीचे २५० रुपये पडतात. त्याच दिवशी, त्याच समारंभात खारकोपर ते उरण या लोहमार्गाचेही लोकार्पण झाले, हे कितीजणांच्या लक्षात आहे? १९९० च्या दशकात मंजूर झालेला हा मार्ग पुरा व्हायला एक पिढी गेली. सेतूची छायाचित्रे घरोघरी पोहोचली. उरणच्या गाडीची कोणी दखलही घेतली नाही.

मुंबईच्या किनारी मार्गाची कथा वेगळी नाही. काम २०१८ मध्ये सुरू झाले, २०२४ च्या मार्चमध्ये पहिला टप्पा खुला झाला. साडेदहा किलोमीटर लांबी आणि खर्च तेरा हजार कोटींच्या घरात. तेथेही दुचाकीस्वारास प्रवेश नाही. आता याच्याशी ठाणे ते दिवा या पाचव्या-सहाव्या मार्गिकेची तुलना करावी. लांबी सुमारे ९ किलोमीटर. मंजुरी २००८ ची. प्रत्यक्ष गाडी धावली फेब्रुवारी २०२२ मध्ये. समुद्रावर बावीस किलोमीटरचा पूल सहा वर्षांत उभा राहतो आणि जमिनीवरच्या नऊ किलोमीटर रुळांना चौदा वर्षे लागतात! ज्या पट्ट्यात हे रूळ टाकायचे होते, त्यातच मुंब्रा येते. या चौदा वर्षांत डोंबिवली-कल्याणच्या किती हजार नव्या सदनिकांना वापर परवाने मिळाले असतील, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

रेल्वेलाही निधी मंजूर होतो, असे उत्तर यावर मिळेल. ते खरे आहे. मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाच्या ‘३ अ’ या टप्प्याला केंद्र सरकारने २०१९ साली मान्यता दिली, ३३,६९० कोटी रुपयांची. मंजुरीच्या आकड्यांत रेल्वे कोठेच कमी नाही. फरक असा की रस्त्याचे पैसे मंजूर होतात आणि खर्चही होतात. रेल्वेचे पैसे मंजूर होतात आणि भूसंपादन, झोपड्यांचे पुनर्वसन, निविदा, फेरनिविदा यांच्या फेऱ्यात वर्षे निघून जातात. ऐरोली-कळवा जोडमार्ग झाला तर कल्याणकडचा प्रवासी ठाण्याच्या फलाटावर न उतरता थेट नवी मुंबईला जाईल. त्या मार्गावरचे दिघा स्थानक बांधून झाले, उद्घाटनही झाले. पुढचा उन्नत मार्ग पुनर्वसनाच्या प्रश्नात रुतून बसला. किनारी मार्गापुढेही अडथळे आलेच होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि तेथून मार्ग निघाला, कारण तो काढायचा होता.

वास्तविक मुंबईची उपनगरे ही लोहमार्गाची लेकरे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली. ती यावी म्हणून खटपट करणाऱ्यांत नाना शंकरशेट आघाडीवर होते. पुढच्याच वर्षी मार्ग कल्याणपर्यंत गेला. १९२५ साली विजेची गाडी आली. मग दादर, पार्ले, मुलुंड, ठाणे, डोंबिवली अशी वस्ती सरकत गेली ती स्थानकाचे बोट धरून. गिरगाव-परळच्या चाळीतून निघालेला कारकून, शिक्षक, गिरणीतला जॉबर डोंबिवलीत आला, तो पायी पंधरा मिनिटांत गाडी मिळते म्हणून. तेथे त्याने शाळा काढल्या, वाचनालये काढली, गणेश मंदिर संस्थान वाढविले. १९९९ पासून गुढीपाडव्याची स्वागतयात्रा सुरू केली, जिचे अनुकरण पुढे गावोगावी झाले. या साऱ्याच्या मुळाशी महिन्याचा पास होता. डब्यातली भजनी मंडळे, दसऱ्याला इंजिनाला बांधलेले तोरण, महिलांच्या डब्यातले हळदीकुंकू यांवर लेख पुष्कळ झाले आहेत. त्यांत सहसा न येणारी गोष्ट एवढीच की त्या डब्यात साहेब आणि शिपाई एकाच बाकावर, तेही चौथ्या सीटवर अर्धे टेकून, बसत होते.

नव्या मुंबईने तर हा धडा उलट्या बाजूने शिकविला. १९७० साली सिडको स्थापन झाली, १९७३ मध्ये ठाणे खाडीवर मोटारींचा पूल झाला. तरी दोन दशके ते शहर अपेक्षेप्रमाणे भरेना. मे १९९२ मध्ये मानखुर्दहून वाशीला गाडी गेली आणि चित्र पालटले. विशेष म्हणजे त्या रेल्वेच्या खर्चाचे ६७ टक्के सिडकोने उचलले, ३३ टक्के रेल्वेने. जमिनीला भाव येणार तो रेल्वेमुळे, तर रेल्वेचा खर्च जमिनीतून निघावा, हा तो साधा हिशेब होता. एका सरकारी महामंडळाला काही दशकांपूर्वी सुचलेले शहाणपण नंतरच्या एकाही ‘टाउनशिप’च्या परवानगीत दिसू नये?

कारण नंतरची उपनगरे रुळांना पाठमोरी वाढली. घोडबंदर रस्ता हे त्याचे ठळक उदाहरण. एका अंगाला येऊरचा डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी, मध्ये एकच रस्ता आणि त्यावर गुजरातकडे जाणारे अवजड मालवाहू ट्रक. १९९० च्या दशकापासून या रस्त्याच्या दोन्ही कडांना मनोरे उठत गेले. मानपाडा, कासारवडवली, गायमुख. एकाही ठिकाणाहून रेल्वे स्थानक पायी गाठता येत नाही. जाहिरातीत ‘ठाणे स्थानकापासून पंधरा मिनिटे’ लिहिलेले असते. ती पंधरा मिनिटे मध्यरात्री मोजलेली असावीत. मेट्रो येणार, येणार म्हणत तिची चाचणी धाव झाली सप्टेंबर २०२५ मध्ये, म्हणजे पहिल्या मनोऱ्यांना रंगाचा दुसरा-तिसरा हात लागून झाल्यावर. या साऱ्या कोंडीवर शासनाने शोधलेला भव्य उपाय कोणता? तर ठाणे-बोरिवली जुळा बोगदा. ११.८ किलोमीटर, १६,६०० कोटी रुपये आणि तोही रस्त्याचाच.

अंकगणित शाळकरी आहे. रस्त्याच्या एका मार्गिकेतून तासाला फार तर दोन हजार मोटारी जातात. मोटारीत सरासरी दीड माणूस धरला तर तीन हजार माणसे. बारा डब्यांची लोकल गर्दीच्या वेळी चार हजारांहून अधिक माणसे नेते. चार मिनिटांना एक गाडी धरली तर तासाला साठ हजार. म्हणजे लोकलची एक मार्गिका म्हणजे मोटारींच्या वीस मार्गिका. आता ही चार हजार माणसे कोंबलेली असतात, तेच तर दुखणे आहे. म्हणून हा आकडा निम्मा करावा, माणसाला माणसासारखे उभे राहू द्यावे. तरी दहा मार्गिका उरतातच. मोटारींसाठी दहा मार्गिकांचा रस्ता ठाण्यात कोठून काढणार? येऊरचा डोंगर कापून?

हा एखाद्या पक्षाचा वा एखाद्या सरकारचा दोष नाही. १९९५ ते ९९ या युतीच्या काळात मुंबईत उड्डाणपुलांची मालिका उभी राहिली, तेव्हा त्यांचे कौतुक याच मध्यमवर्गाने केले. नंतरच्या आघाडी सरकारने २००९ मध्ये वांद्रे-वरळी सागरी सेतू दिला, टाळ्या तशाच पडल्या. २०१४ नंतर वेग वाढला, मेट्रोची कामे मार्गी लागली हे मान्यच केले पाहिजे. पण मोटारीवरचे प्रेम कमी झाले नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशद्वारांवर हलक्या वाहनांना पथकर माफ झाला. सात महिन्यांनी, मे २०२५ मध्ये, बेस्टच्या साध्या बसचे किमान भाडे पाच रुपयांवरून दहा झाले. मोटारवाल्याला सूट आणि बसवाल्याला दुप्पट भाडे! हे दोन निर्णय शेजारी शेजारी ठेवून वाचावेत, म्हणजे राज्यकर्त्यांच्या मनातला ‘नागरिक’ कोण आहे ते कळते. २०१० च्या सुमारास साडेचार हजारांच्या घरात असलेला बेस्टचा ताफा दरम्यान तीन हजारांखाली आला, यावर सभागृहे दणाणली असे मात्र कोणी ऐकले नाही.

पण राज्यकर्ते काही आकाशातून पडत नाहीत. कुलाबा-मलबार हिलच्या धनिकांवर सारे खापर फोडणे सोयीचे असले तरी प्रामाणिक नाही. आज सदनिका पाहायला जाणारे सुशिक्षित कुटुंब पहिला प्रश्न विचारते तो ‘पार्किंग किती?’ दुसरा, ‘क्लब हाउस आहे का?’ स्थानकाला जाणारी बस किती मिनिटांनी सुटते, हे विक्री कार्यालयात कोणी विचारत नाही. बांधकाम नियमांनी वाहनतळ सक्तीचा केला आहे आणि त्याची जागा चटईक्षेत्रात धरली जात नाही. विकासक पाच-सहा मजले मोटारींचे बांधतो आणि त्यांवर माणसे ठेवतो. ती मोटार मग सोमवार ते शुक्रवार तेथेच उभी असते, कारण शीळफाट्यावरून ती नेण्याची हिंमत कोणातच नसते. गृहस्थ शेअर रिक्षाच्या रांगेतून स्थानकावर जाऊन फूटबोर्डावर उभा राहतो. मोटारीला छप्पर आहे, लिफ्ट आहे, पहारेकरी आहे. तिच्या हप्त्यासाठी राबणाऱ्याला दोन पावले ठेवायला जागा नाही.

खरे दुखणे व्यवस्थेच्या सांध्यात आहे. इमारतीला परवानगी देते महापालिका. अधिमूल्य जाते महापालिकेच्या व राज्याच्या तिजोरीत. आणि त्या इमारतीतली माणसे रोज वाहून नेण्याची जबाबदारी दिल्लीच्या रेल्वे मंत्रालयाची. परवानगी देणाऱ्याने वाहून नेणाऱ्याला विचारायचे नाही आणि वाहून नेणाऱ्याने ‘उपनगरी सेवा तोट्यात आहे’ एवढे पालुपद आळवत राहायचे. हा सांधा जोडण्यासाठीच जुलै १९९९ मध्ये केंद्र आणि राज्य यांच्या ५१ व ४९ टक्के भागीदारीतून मुंबई रेल्वे विकास महामंडळ निघाले. पण बांधकाम परवानगीच्या कागदावर त्याची सही लागत नाही, तोवर ते एक ठेकेदारी कार्यालय राहील. सिडकोचे ६७ टक्क्यांचे सूत्र कल्याण, भिवंडी, वसई-विरार, पनवेल या पट्ट्यातील प्रत्येक मोठ्या गृहप्रकल्पाला, त्या त्या प्रमाणात, का लागू होऊ नये? ज्या स्थानकाच्या नावाने सदनिका विकली जाते, त्या स्थानकाचा पूल रुंद करायला विकासकाच्या अधिमूल्यातला वाटा का जाऊ नये? २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोडच्या अरुंद पुलावर २३ माणसे चेंगरून मेली. गिरण्यांच्या जागी काचेचे मनोरे उठत होते, त्यांत हजारो नोकरदार येत होते आणि पूल जुनाच होता. त्यानंतर लष्कराला बोलावून नवा पादचारी पूल बांधावा लागला. काही महिन्यांत तो बांधून झालाही.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाप्रमाणे प्रत्येक विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागविल्या जातात. त्या सूचना वाचल्या जातात की नाही हा वेगळा विषय. पण त्या नोंदवाव्या लागतात आणि नियोजन समितीपुढे सुनावणी द्यावी लागते. आजवर या हरकती आल्या त्या बहुतेक आपल्या भूखंडावरचे आरक्षण उठावे म्हणून. पुढचा आराखडा येईल तेव्हा ठाण्यापासून कर्जत-कसाऱ्यापर्यंतच्या गृहसंस्थांनी, प्रवासी संघटनांनी, कार्यकर्त्यांनी एकच हरकत हजारोंच्या संख्येने दाखल करावी : या आराखड्यात जी वाढीव वस्ती दाखविली आहे, ती सकाळी आठ वाजता कोणत्या स्थानकावरून, किती गाड्यांतून जाणार, ते लेखी द्यावे.