नुसता आराम नको!



"आई, आता तुम्ही काही करू नका, नुसता आराम करा." याला आपण सेवा म्हणतो. मला हे अजिबात पटत नाही.

ही चूक मीही केली आहे. सासूबाईंना पंचाहत्तरी लागली आणि धान्य निवडणं, पापड, घरखर्चाची वही, सगळं मी त्यांच्याकडून काढून घेतलं. औषधं वेळेवर, जेवण सूर्यास्ताआधी, कशाची कमी नव्हती. तरी त्या गप्प गप्प होत गेल्या. एकदा म्हणाल्या, "मी पाहुणी आहे का गं या घरात?" दुसऱ्या दिवशी वही त्यांच्या हातात परत दिली.

मी कॉमर्सची. ज्याच्या खात्यावर नुसतं नावे पडत जातं आणि जमा काहीच होत नाही, तो कर्जदार. म्हाताऱ्या माणसाला आपण तेच करून ठेवतो. तत्त्वार्थसूत्र सांगतं, जीवांनी एकमेकांवर उपकार करावेत. त्यातलं "एकमेकांवर" आपण विसरलो.

2007 च्या कायद्याने आई-वडिलांना मुलांकडून महिना 10,000 रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मिळू शकतो. पण "आई, लोणच्यात मीठ बरोबर पडलंय का बघा" हे कोणता कायदा विचारायला लावणार?

आता माझा मुलगाही म्हणतो, "आई, तू बस." मी बसत नाही!

क्षमावाणीला आपण मोठ्यांची क्षमा मागतोच. यंदा त्यांच्याकडे मदतही मागा.