धांवत्या मुलांचीं छायाचित्रें व लेन्सची निवड

गेल्या कांहीं दिवसांत आमच्याकडे आलेल्या पत्रांतून एकच विषय निरनिराळ्या रूपांनीं पुढें आला आहे. मुलुंडच्या एक भगिनी विचारतात कीं, घरांत चांगला कॅमेरा असूनही नातवंडांचीं चित्रें पुसट कां येतात? अंधेरीचे एक गृहस्थ लिहितात कीं, चिरंजीव मोठी झूम लेन्स घेण्याचा हट्ट धरून बसले आहेत आणि वडील मंडळींस तो खर्च अनाठायीं वाटतो; अशा वेळीं काय करावें? दोन्ही प्रश्नांच्या मुळाशीं गोष्ट एकच असल्यामुळें हें सदर आज आम्ही तिच्यासाठींच राखून ठेविलें आहे.

प्रथम घरांतील जुना आल्बम काढून पाहावा. त्यांतील मूल जरीची टोपी घालून, खुर्चीचा हात घट्ट धरून, न्यायाधीशाच्या गांभीर्यानें समोर पाहात असतें. तें मूल स्वभावानें गंभीर होतें असें मुळींच नाहीं. मुंबईस फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीं स्थापन झाली, व डॉ. भाऊ दाजी यांचे बंधु डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे आपले लोक तिचे सभासद होते. परंतु त्या काळीं कांचेवर चित्र उमटावयास कित्येक सेकंद लागत, व तितका वेळ मुलानें हालचाल करावयाची नाहीं अशी सक्त ताकीद असे. पुढें वेळ कमी झाला, तरी मुलांस पुतळ्याप्रमाणें बसविण्याची रीत मात्र टिकून राहिली. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनीं १८९९ सालीं चलच्चित्रांत हालती माणसें टिपलीं, तीं हँगिंग गार्डन्समधील पहिलवानांच्या कुस्तीचीं. म्हणजे उघड्यावर, भरपूर उजेडांत.

तात्पर्य, हालचाल टिपावयाची तर उजेड हवा. आणि उपनगरांतील आपल्या मुलांचें आयुष्य बहुतेक उजेडाच्या टंचाईंतच जातें. शाळा, शिकवणी व आईवडिलांची लोकल यांतून मोकळा वेळ मिळतो तो दिवेलागणीनंतर. आणि खेळ चालतो तो घाटकोपरच्या चाळींतील गॅलरींत, नाहीं तर बोरिवलीच्या इमारतींतील दहा बाय बाराच्या खोलींत, ट्यूबलाइटखालीं.

आतां थोडें गणित पाहूं. धांवणारें लहान मूल सेकंदास सुमारें ३ मीटर जातें असें धरावें. शटर १/३० सेकंद उघडें राहिलें, तर तेवढ्या वेळांत मूल १० सेंटिमीटर पुढें सरकतें व चित्र पुसट होतें. तेंच शटर १/३०० सेकंद उघडें राहिलें तर मूल सरकतें अवघें १ सेंटिमीटर. म्हणजे दोष कॅमेऱ्याचा नव्हे, तसा मुलाचाही नव्हे. शटर फार वेळ उघडें राहतें एवढाच तो दोष आहे.

शटर लवकर मिटावयाचें तर लेन्सचें छिद्र मोठें पाहिजे. छिद्राचा आंकडा म्हणजे लेन्सचें नाभीय अंतर भागिलें छिद्राचा व्यास. म्हणून आंकडा लहान तितकें छिद्र मोठें. कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या १८-५५ मिलिमीटरच्या लेन्सचें छिद्र ५५ च्या टोकाला एफ ५.६ होतें. एफ १.८ ची लेन्स व्यासानें त्याच्या सुमारें तिप्पट उघडते, व प्रकाश जवळजवळ दहापट आंत घेते. ट्यूबलाइटखालीं, आयएसओ १६०० ठेवून, पहिलीस १/३० सेकंदाच्या आसपास वेळ लागत असेल तर दुसरीस १/३०० पुरतो. हें तत्त्व नवें नाहीं. १८४० सालीं व्हिएन्नाच्या योझेफ पेट्झवाल यांनीं मोठ्या छिद्राची लेन्स रचली, तेव्हांच माणसांचीं चित्रें काढणें सुसह्य झालें. आजच्या स्वस्त ५० मिलिमीटर लेन्सची मूळ रचनाही झाइसच्या पाउल रूडोल्फ यांच्या १८९६ सालच्या प्लानार लेन्सपर्यंत मागें जाते. शंभरांहून अधिक वर्षें घोटून तयार झालेली ही रचना असल्यामुळेंच ती थोड्या खर्चांत चांगली बनते.

येथें दोन भ्रम दूर केले पाहिजेत. पुष्कळ लेन्सवर हाताचा कंप आवरण्याची सोय असते, व दुकानदार तिची वाखाणणी करतो. ती सोय आपला हात स्थिर करते, नातवाचा पाय नव्हे. दुसरें असें कीं, मोबाइलच्या लेन्सवरही एफ १.८ लिहिलेलें असतें, मग निराळा कॅमेरा कशाला, असें कित्येकांस वाटतें. दिवसाउजेडीं मोबाइल उत्तमच आहे. परंतु त्याचा संवेदक फार लहान असल्यामुळें कमी उजेडांत तो अनेक चित्रें एकत्र करून एक बनवितो, व मूल हलतें असलें कीं तेथेंच फसतो.

आतां निवडीविषयीं. चिरंजीव ज्या लांब झूम लेन्सचा आग्रह धरीत आहेत तिचे दोन प्रकार आहेत. स्वस्त प्रकारांत छिद्र लहान, म्हणजे खोलींत तिचा उपयोग नाहीं. ७०-२०० मिलिमीटर, एफ २.८ हा उत्तम प्रकार लाखाच्या वर जातो, वजनानें दीड किलोच्या आसपास असतो, आणि तीन मीटरच्या खोलींत त्यांतून मुलाचा चेहरा तेवढा दिसतो. वडील मंडळींचा आक्षेप आम्हांस रास्त वाटतो. मात्र त्यावरून कांहींच घेऊं नये असें ठरविणेंही योग्य नव्हे.

आमच्या मतें लहान घरास ३५ मिलिमीटर, एफ १.८ ची लेन्स सर्वांत सोयीची. कॅमेरा उभा धरला असतां दोन मीटरांवरून मूल डोक्यापासून पायांपर्यंत तींत मावतें. ५० मिलिमीटरला त्याच कामासाठीं तीन मीटर मागें सरावें लागतें, आणि पलंग व कपाट यांमधून तेवढी जागा क्वचितच उरते. निकॉनच्या लहान संवेदकाच्या कॅमेऱ्यांसाठीं अशी लेन्स २००९ पासून मिळत आली आहे. कॅननच्या घरांत ५० मिलिमीटर, एफ १.८ एसटीएम (२०१५) स्वस्तांत पडते. ती घेणारांनीं दाराच्या चौकटींत उभें राहून आंतील खेळ टिपावा. निवड पक्की करण्यापूर्वीं आहे त्याच लेन्सचें कडें एक दिवस ३५ वर व एक दिवस ५० वर चिकटपट्टीनें बांधून पाहावें. कोणतें अंतर आपल्या घरास मानवतें हें पैसा न खर्चतां कळतें. मुंबईंत लेन्स भाड्यानेंही मिळते.

फोर्टांतील बोरा बाजारांत जाणारांस दोन सूचना. निकॉनच्या डी ३००० व डी ५००० या मालिकांच्या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते. त्यांस 'एएफ-एस' असें लिहिलेली लेन्सच घ्यावी, नुसती 'एएफ' घेतल्यास फोकस हातानें करावा लागेल, व धांवत्या मुलापुढें तें बहुधा साधत नाहीं. दुसरें, जुनी लेन्स घेतांना तींतून बॅटरीचा उजेड आरपार पाहावा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतु दिसले तर ती बुरशी समजून लेन्स परत करावी. आपल्याकडील पावसाळी दमट हवेंत ही बुरशी नव्या लेन्सलाही लागते. म्हणून लेन्स चामडी पिशवींत कोंडून न ठेवतां घट्ट झांकणाच्या डब्यांत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी व वरचेवर वापरावी.

वापरतांना शटर १/२५० च्या खालीं उतरूं देऊं नये. दोन मीटरांवर एफ १.८ ठेवल्यास ५० मिलिमीटरनें स्पष्ट दिसणारा पट्टा सुमारें ११ सेंटिमीटरचाच असतो. तेव्हां दोन भावंडें पुढेंमागें असतील तर सर्व दिवे लावून छिद्र एफ २.८ करावें. स्वतः जमिनीवर बसून मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवरून चित्र घ्यावें.

मुंजीच्या कार्यांत छायाचित्रकार सर्वांस ओळीनें उभें करून पुष्कळ चित्रें काढतो, व तींही हवींतच. पण घेरा राखलेला बटु मातृभोजन आटोपतांच मामेभावंडांमागें सोवळें सांवरीत धांवत सुटतो, तो क्षण आल्बमांत सहसा सांपडत नाहीं. तें धांवणें चार-दोन वर्षांत संपतें, आणि पुढें पाहूं म्हटल्यास पाहावयास मिळत नाहीं. त्यासाठीं माफक किंमतीची एक लहान लेन्स घेणें हा खर्च आम्हांस अनाठायीं वाटत नाहीं. अंधेरीच्या त्या गृहस्थांनीं चिरंजिवांस एवढेंच सुचवावें कीं, झूम लेन्सचा विचार बाजूस ठेवावा, लहान लेन्स घ्यावी, आणि पहिलीं चित्रें आजी-आजोबांस दाखवावीं.