मुलाची खानावळ ठरवताना

झाशीच्या दतिया गेटजवळील एखाद्या मराठी घरातला मुलगा कॉलेजच्या पहिल्या वर्षासाठी पुण्यास निघाला, की वडिलांना फीची चिंता लागते आणि आईला जेवणाची. पूर्वी पुण्यातले गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. सात दिवस, सात घरे. तेथे निवडीचा प्रश्नच नव्हता. आज पैसे मोजून जेवायचे, तर हिशेब नीट पाहावा.

समजा, दोन वेळच्या जेवणाचे महिन्याला ३,००० रुपये ठरले. ६० जेवणांच्या मानाने ताट ५० रुपयांना पडते. परंतु पुष्कळ खानावळी रविवारी संध्याकाळी बंद असतात. ती ४ आणि तासांमुळे चुकलेली १२ जेवणे वजा केली, तर तेच ताट ६८ रुपयांचे होते. म्हणून आधी कॉलेजचे वेळापत्रक पाहावे, खाड्याचे पैसे वजा होतात का हे विचारावे आणि पहिल्या महिन्यातच वर्षाचे पैसे भरू नयेत.

कसही पाहावा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत. ५५ किलोच्या तरुणास सुमारे ४६ ग्रॅम. नुसत्या पातळ वरणाने ही गरज भागत नाही; उसळ, घट्ट वरण, दही ताटात असावे.

आणि निघतानाच मुलाला सांगावे: पैसे संपले तर निःसंकोच कळव, पण जेवण टाळू नकोस. उपाशी राहून केलेली काटकसर कोणत्याही घराला परवडणारी नाही.