काच पुसू नका, बॉस!

घरी फिशटँक म्हटलं की डोळ्यांसमोर येतात गप्पी, गोल्डफिश आणि दर रविवारी काच घासणारा एक बिचारा. माझ्याकडे हे काम बिनपगारी चार जण करतात. नाव स्टायफोडॉन. बोटाएवढे, नर निळे चमकणारे. पोटाखालचे पर जुळून झालेल्या चकतीने दगडाला चिकटतात आणि दिवसभर शेवाळं खरवडत बसतात.

पण त्यांना 'क्लीनर' समजून आणू नका हं! चकाचक टँकमध्ये हा मासा चक्क उपाशी मरतो. मी गोटे पाण्याच्या टबात घालून गॅलरीत उन्हात ठेवते. हिरवे झाले की आत, आतले बाहेर. नागपूरचं ऊन फुकट आहे, कधीतरी कामाला येऊ दे!

तेच ऊन मे महिन्यात मात्र जिवावर उठतं. २३ मे २०१३ला इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. २५ अंशांच्या पाण्यात लिटरला साधारण ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३५ला जेमतेम ७. खळाळत्या ओढ्यातल्या माशाला हे कसं परवडणार? उपाय आपल्या ओळखीचा, कूलरवाला! पाण्यावरून छोटा पंखा सोडायचा. कोरड्या हवेत दोन-तीन अंश सहज उतरतात. लाइट गेली तर बॅटरीवरचा एअरपंप हवाच. आटलेलं पाणी रोज भरायचं, तेही क्लोरीन घालवून.

खरी गोम पुढेच आहे. यांची पिल्लं अंड्यातून निघाली की वाहत समुद्रात जातात, तिथे वाढतात आणि मग ओढा चढून परत येतात. हवाईतले यांचे भाऊबंद तर शंभर मीटरहून उंच धबधबा चढतात! आता झिरो माइलवर उभं राहून सांगा, समुद्र आणायचा कुठून? म्हणजे दुकानातला जवळपास प्रत्येक स्टायफोडॉन कुठल्यातरी बेटावरच्या ओढ्यातून उचललेला. म्हणून माझ्याकडे चारच, पाचवा येणार नाही.

पुढचा टँक आपल्या मळ्याचा. दख्खनच्या नद्यांतला, ओठाखालच्या चकतीने दगड धरणारा. कर्नल साइक्सने १८३९मध्ये त्याचं मराठी नावच शास्त्रीय नावात घातलं, आज तो 'गारा मुल्या' आहे. त्याला समुद्र लागत नाही. फक्त वीतभर वाढतो, तेव्हा टँक मोठा घ्या.

आणि हो, झाकण घट्ट लावा. धबधबा चढणाऱ्यांच्या खानदानाला काच म्हणजे किस झाड की पत्ती!