पाडव्याचा मुहूर्त, पावसाळ्यातील पाहणी

सांगोल्यासारख्या दुष्काळी पट्ट्यात गाळा पाहायला गेलेला व्यापारी पहिला प्रश्न विचारतो : "पाण्याची सोय काय?" त्याचा रोख नळाकडे आणि बोअरकडे असतो; गच्चीकडे नसतो. परंतु ऑक्टोबर 2020 मध्ये याच सोलापूर जिल्ह्यात अतिवृष्टी होऊन भीमेला पूर आला होता. कमी पावसाच्या प्रदेशातही पाऊस एकदम कोसळतो. स्लॅबला वार्षिक सरासरी कळत नाही.

आपल्याकडे स्थावराची खरेदी पाडव्याला किंवा अक्षय्य तृतीयेला होते. हे दिवस ऐन उन्हाळ्याचे. भिंती कोरड्या, रंग ताजा. लोणा आणि पोपडे त्या रंगाखाली झाकलेले असतात. म्हणून मुहूर्ताला व्यवहार जरूर करावा, मात्र पाहणी आदल्या पावसाळ्यात उरकावी. चातुर्मासात साधू-साध्वी विहार थांबवतात. पहिल्यांदा गुंतवणूक करणाऱ्याने याच काळात इमारती पाहत फिरावे. गच्चीचा उतार, पन्हाळीची तोंडे, कठड्याचा सांधा आणि शौचालयामागची भिंत एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते.

पुढचा भाग हिशेबाचा. समजा, गाळा 25 लाखांचा आणि भाडे दरमहा 10,000 रुपये. वर्षाचे 1,20,000, म्हणजे 4.8 टक्के. त्यात गच्चीच्या दुरुस्तीचे 60,000 निघाले, तर सहा महिन्यांचे भाडे गेले. घरभाड्याच्या उत्पन्नावर आयकरात, भरलेली घरपट्टी वजा जाता, 30 टक्के ठोक वजावट मिळते; दुरुस्तीवर खर्च शून्य झाला वा लाखाचा, वजावट तेवढीच. तेव्हा भाड्याचा दहावा हिस्सा पहिल्या महिन्यापासून निराळ्या खात्यात ठेवणे शहाणपणाचे.

कायद्याचा आधारही जाणून घ्यावा. रेरा कायद्यानुसार ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांत बांधकामातील दोष लेखी कळवल्यास विकासकाने तो 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावयाचा असतो. मात्र 500 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील किंवा 8 पर्यंत सदनिका-गाळ्यांच्या प्रकल्पाला नोंदणीची सक्ती नाही. अशा लहान इमारतीत गळतीची जबाबदारी करारनाम्यातच लिहून घ्यावी. तोंडी शब्द पावसात टिकत नाही.

विम्याच्या बाबतीतही भेद आहे. पूर, वादळ, टाकी वा नळ फुटणे यांची भरपाई सर्वसाधारणपणे मिळते. वर्षानुवर्षे झिरपणाऱ्या ओलीची मिळत नाही. शिवाय इमारतीचा विमा आणि आतील मालाचा विमा निराळा.

पाणी शिरलेच, तर प्रथम मुख्य वीजपुरवठा बंद करावा. माल फळ्यांवर उचलावा, तारखेसह छायाचित्रे घ्यावीत आणि विमा कंपनीला लगेच कळवावे. आतून रंग देणे हा उपाय नव्हे. पाणी वरून येते, म्हणून उपायही वरूनच हवा. भिंत पुरती वाळू द्यावी. गच्ची दुरुस्त झाल्यावर तिच्यावर 24 तास पाणी कोंडून खात्री करावी, मगच कारागिराचा शेवटचा हप्ता द्यावा.

ओल टिकली की बुरशी येते, कीटक होतात. मग त्यांना मारण्याची औषधे आणावी लागतात. पाणी गाळून पिणाऱ्या घराने पाणी गाळणारे छत वेळीच सांधले, तर पैसा वाचतो आणि जीवही वाचतात.